तीनशे सहा अक्षरांची ओळ

महिनाअखेरीला पगारदारांच्या पतसंस्थेत एक काम हमखास निघतं. कर्जदार सभासदांचे हप्ते त्यांच्या बँक खात्यांतून परस्पर वळते करायचे असतात. त्यासाठी बँकेमार्फत 'नाच'कडे, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या क्लिअरिंग यंत्रणेकडे, मागणीची फाइल पाठवावी लागते. संस्थेच्या सॉफ्टवेअरमधून यादी निघते ती सीएसव्ही, रकाने स्वल्पविरामांनी तोडलेले. नाचच्या टेक्स्ट फाइलमध्ये असा कुठलाच विभाजक नसतो. तिथे प्रत्येक ओळ बरोबर ३०६ अक्षरांची. खातेदाराच्या नावाला ४० जागा, रकमेला १३, आयएफएससीला ११, खाते क्रमांकाला ३५. माहिती कमी पडली तर उरलेल्या जागा मोकळ्या सोडायच्या किंवा शून्यांनी भरायच्या. अक्षर कितव्या जागी बसलंय, यावरून त्याचा अर्थ लावायचा.

एकातून दुसरी फाइल करणारी स्क्रिप्ट फार तर शंभर ओळींची. तरी तिच्यावरून वाद झडतात, आणि बहुधा दोन पिढ्यांमध्ये. खालची आत्या आणि तिचा भाचा ही जोडी मी रचलेली आहे. आत्या एका सहकारी बँकेच्या ईडीपी विभागातून निवृत्त झालेली, कोबोल आणि फॉक्सप्रोवर हात बसलेली. भाचा पायथनवाला, दोन-चार पतसंस्थांची अशी कामं बघणारा. माणसं कल्पित असली तरी मतं कल्पित नाहीत. या धंद्यात कुठेही कान द्या, हीच ऐकू येतील.

भाचा : आत्या, खरं सांग, जागा मोजून फाइल करायला लावणं हा आजच्या काळात छळ नाही का? माझी यादी बघ. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं, खाली नोंदी. कुणीही उघडावी आणि वाचावी. आणि ही बघ बँकेची. लांबच लांब ओळ, मधे मैलभर मोकळी जागा, मग शून्यांची माळ. रक्कम कुठली आणि संस्थेचा क्रमांक कुठला, काही पत्ता लागत नाही.

आत्या : तुला लागत नाही. ज्या यंत्राला वाचायचीय त्याला बरोबर लागतो. रक्कम १२१व्या जागेपासून १३३व्या जागेपर्यंत. लेआउटचा कागद समोर असला की झालं.

भाचा : असला तर! तोच तर माझा मुद्दा आहे. ही फाइल स्वतःबद्दल चकार शब्द बोलत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीची कुटुंबवार माहिती वर्षानुवर्षं अशाच फायलींतून मिळत आली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचार. आधी लेआउटचा तक्ता शोधायचा, मग कितव्या जागेपासून कितव्या जागेपर्यंत कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते बसवायचं, तेव्हा कुठे पहिली सरासरी निघणार. तक्ता हरवला की हातात नुसता आकड्यांचा ढीग.

आत्या : आणि तुझ्या सीएसव्हीत वर 'अमाउंट' लिहिलंय म्हणून तुला सगळं कळलं? रुपयांत की पैशांत? व्याजासकट की व्याज सोडून? शीर्षक म्हणजे तक्ता नव्हे रे. आमच्या फायलीत काहीच कळायचं नाही, म्हणून तरी तक्ता कुणीतरी नीट लिहून ठेवायचं. तुमच्याकडे शीर्षक असतं, म्हणून पुढचं कुणी लिहीतच नाही.

भाचा : बरं, ते राहू दे. पण मुळात ही पद्धत आली कुठून? पुठ्ठ्याच्या कार्डातून. तूच सांगितलं होतंस.

आत्या : सांगितलं होतं, आणि पुन्हा सांगते. हॉलेरिथने १८९०च्या अमेरिकन जनगणनेसाठी भोकं पाडलेली कार्डं वापरली. पुढे १९२८मध्ये आयबीएमने ८० उभ्या रकान्यांचं कार्ड काढलं. भोक कितव्या रकान्यात आहे यावर सगळा खेळ. तिथे स्वल्पविराम घालायचा म्हणजे ऐंशीतला एक रकाना फुकट घालवायचा. फोरट्रानचं वाक्यसुद्धा सातव्या रकान्यापासून बहात्तराव्यापर्यंतच लिहायचं. शेवटचे आठ रकाने कार्डाच्या अनुक्रमांकाला, म्हणजे गठ्ठा हातातून सांडला तर पुन्हा लावता यावा.

भाचा : म्हणजे जे कार्ड मी जन्मात पाहिलेलं नाही, त्याच्या हिशोबाने मी आज रकाने मोजतोय.

आत्या : त्या हिशोबात डोकं होतं. कोबोलमध्ये रकमेचा रकाना सांगताना अकरा नऊ, मग एक 'व्ही', मग दोन नऊ असं लिहायचो. अकरा आकडे रुपयांचे, दोन पैशांचे, आणि तो व्ही म्हणजे न लिहिलेलं दशांशचिन्ह. जागा खात नाही, पण कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक. अकरा नि दोन तेरा. तुझ्या नाचच्या रकमेलाही तेराच जागा आहेत, आणि तिथेही रक्कम पैशांतच लिहायची. मला तरी त्यात ओळखीचा हात दिसतो. पुढे फॉक्सप्रो आलं तेव्हा तर तुझी ही सगळी स्क्रिप्ट दोन आज्ञांची होती. टेबल एकदा बनवायचं, प्रत्येक रकान्याची रुंदी सांगून. 'अपेंड फ्रॉम' म्हणून डिलिमिटेड फाइल आत घ्यायची, 'कॉपी टू' म्हणून 'एसडीएफ' प्रकारात बाहेर काढायची. ठरावीक रुंदीची फाइल तयार. पायथन नको नि बियथन नको.

भाचा : आणि एखादं नाव रकान्यापेक्षा लांब निघालं तर?

आत्या : छाटलं जायचं.

भाचा : सांगून?

आत्या : आकडा मावला नाही तर रकानाभर तारे दिसायचे. नाव मात्र... नाही, ते सांगून जायचं नाही.

इथवरची बोलाचाली कुठल्याही ऑफिसात ऐकू येईल. खरा वाद इथून पुढे आहे. आकडा न मावल्यास बोंब ठोकायची आणि नाव न मावल्यास गप्प बसायचं, हा फॉक्सप्रो बनवणाऱ्यांचा निर्णय होता. यंत्राला दोन्ही सारखंच. भाच्याने नेमकं त्यावर बोट ठेवलं.

भाचा : बघ. पैशाची काळजी आहे, माणसाच्या नावाची नाही. याच फायलीत संस्थेच्या नावाला किती जागा आहेत? वीस. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांची सहकारी पतसंस्था मर्यादित, हे नाव इंग्रजीत वीस जागांत कोंब. 'झिल्ला परिषद कर्मा' इथपर्यंतच येतं. सभासद पासबुक उघडतो, पाच हजार वजा, आणि समोर 'झिल्ला परिषद कर्मा'. तो बिचारा विचारतो, हे कुठल्या जन्मीचं कर्म?

आत्या : (हसून) बरोबरच विचारतो.

भाचा : आणि सालाला दोनच जागा दिल्यामुळे काय झालं ते जगाने पाहिलं. वायटूके. एकोणीसशे छापायला जागा नाही म्हणून ९९ लिहीत राहिलात, आणि शतक संपताना धावाधाव.

आत्या : त्या दोन न दिलेल्या जागांवर पुण्या-मुंबईतल्या किती घरांचे हप्ते फिटले, तेही बोल की.

भाचा : हप्ते फिटले म्हणून चूक बरोबर ठरत नाही. दुसरं उदाहरण घे. प्रथिनांच्या रचना साठवणारी प्रोटीन डेटा बँक आहे. तिची जुनी फाइल ८० रकान्यांची, तुझ्या कार्डाचीच सख्खी भाची. अणूच्या क्रमांकाला पाच जागा. म्हणजे ९९,९९९ अणू संपले की फाइल संपली. रायबोसोमसारखी अवाढव्य रचना कुणी उलगडली की तिचे तुकडे करून वेगवेगळ्या फायलींत ठेवायचे. निसर्गाने काय पाच आकड्यांत राहायचं? शेवटी २०१४मध्ये त्यांनी ती रुंदीची फाइल बाजूला सारून दुसरा प्रकार मुख्य केला.

आत्या : ते पटलं. जे वाढणार हे माहीत आहे त्याला मोजून जागा देणं हा करंटेपणा आहे. पण आता माझं ऐक. तुझी सीएसव्ही एवढी गुणाची, तर तिचा नियम कुठे लिहिलाय?

भाचा : आरएफसी ४१८०.

आत्या : कधीचा?

भाचा : २००५चा.

आत्या : आणि स्वल्पविरामाने तोडलेले आकडे वाचायची सोय आयबीएमच्या फोरट्रानमध्ये १९७२ला होती. तेहतीस वर्षं सगळ्यांनी मनाला येईल तशी फाइल केली, आणि मग एकाने बसून लिहिलं की साधारण असं करतात. त्यालाही बंधनकारक म्हणायची कुणाची हिंमत नाही. आता तुझ्या यादीतली रक्कम बघ. कुणीतरी १,२५,००० असं आपल्या पद्धतीने लिहिलं की एका रकमेचे तीन रकाने. पत्त्यात 'फ्लॅट नं. ४, दुसरा मजला' आला की पुढचं सगळं सरकलं.

भाचा : अवतरणचिन्हांत घालायचं असतं ते.

आत्या : कुणी घालतं, कुणी नाही. आणि पत्त्यातच अवतरणचिन्ह आलं की ते दोनदा लिहायचं. एक्सेलच्या चौकटीत ऑल्ट-एंटर मारून कुणी पत्ता दोन ओळींत लिहिला की तुझी एक नोंद दोन ओळींची. मग मजकूर तोडणाऱ्या तुमच्या त्या ऑक नावाच्या साधनाची एका ओळीची जादू कामाला येते का?

भाचा : साधी नाही येत. स्वल्पविरामावर तोडणारा ऑक अवतरणचिन्हं ओळखत नाही. सीएसव्ही समजून घेणारा पर्याय ऑकमध्ये आला तो २०२३मध्ये. म्हणून मी पायथनचं सीएसव्ही मॉड्यूलच वापरतो. हाताने स्वल्पविराम तोडायच्या भानगडीत पडत नाही.

आत्या : शहाणा आहेस. पण सरकारही शहाणं आहे हो. टीडीएसच्या फायलीत रकाने कशाने तोडतात?

भाचा : टोपीने. त्या छोट्या उलट्या व्हीने.

आत्या : आणि भविष्यनिर्वाह निधीच्या मासिक फायलीत?

भाचा : हॅश, लहरी रेघ, पुन्हा हॅश.

आत्या : एक रकाना तोडायला तीन-तीन चिन्हं! का? तर नावात चुकूनसुद्धा तसं काही येऊ नये म्हणून. एवढी धास्ती असेल तर सरळ जागा मोजाव्यात.

भाचा : धास्ती नाही, व्यवहार आहे. तीन चिन्हं लिहिली की नाव कितीही लांब येऊ दे. 

(गंमत अशी की याच कामासाठी खास चिन्हं १९६३च्या आस्की संचापासून बसलेली आहेत. २८ ते ३१ या क्रमांकांवर चार विभाजक: फाइलचा, गटाचा, नोंदीचा आणि रकान्याचा. कुठल्याही नावात किंवा पत्त्यात ती येणार नाहीत. पण कीबोर्डवर त्यांची कळ नाही आणि पडद्यावर ती दिसत नाहीत, म्हणून फारशी कुणी वापरली नाहीत. बहुतेकांनी स्वल्पविरामच धरला, जो प्रत्येक पत्त्यात असतो.)

आत्या : आणि एक्सेलचं काय? खाते क्रमांकाच्या पुढची शून्यं त्याने गिळायची, सोळा आकडी क्रमांक असला तर शेवटचा आकडा शून्य करून ठेवायचा. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२०मध्ये काही नावंच बदलली, कारण एक्सेल 'सेप्ट-१' दिसलं की एक सप्टेंबर करून टाकायचं. माणसाने जनुकाचं नाव बदललं, पण एक्सेल तेव्हा बदललं नाही.

भाचा : हा एक्सेलचा दोष झाला, सीएसव्हीचा नव्हे. डबल-क्लिक करून उघडणाऱ्याचाही.

आत्या : कबूल. पण ती फाइल डबल-क्लिकचं आमंत्रण देते. माझी ३०६ची ओळ कुणी हौसेने उघडून, सेव्ह करून, वाट लावत नाही. ती इतकी कुरूप आहे की तिला कुणी हात लावत नाही, हे तिचं भाग्य.

भाचा : बरं, चल. प्रत्यक्ष स्क्रिप्टवर येऊ. माझी पद्धत सांगतो. रुंदीचा तक्ता मी स्क्रिप्टमध्ये कोंबत नाही, वेगळा ठेवतो: रकान्याचं नाव, कुठून सुरू, किती जागा, डावीकडे टेकवायचं की उजवीकडे, आणि उरलेली जागा कशाने भरायची. नाव डावीकडे, पुढे मोकळ्या जागा. रक्कम उजवीकडे, आधी शून्यं. साडेबाराशे रुपये म्हणजे ०००००००१२५०००.

आत्या : पैसे कसे करतोस? शंभराने गुणून?

भाचा : तिथेच सगळे फसतात. पायथनला साध्या अपूर्णांकात १९.९९ला शंभराने गुणायला सांग. उत्तर येतं १९९८.९९९९ आणि पुढे काहीबाही. पूर्णांक घेतला की १९९८. एक पैसा गेला. म्हणून रक्कम डेसिमल प्रकारात वाचायची, म्हणजे दशमान पद्धतीतच राहते.

आत्या : शाब्बास. कोबोलमध्ये हा घोळ नव्हता, पण जाऊ दे. आता नाव. ते चाळीसपेक्षा लांब असलं तर तुझा पायथन काय करतो?

भाचा : हे तुला आवडेल. पायथनची डावीकडे टेकवणारी सोय फक्त भरते, छाटत नाही. नाव ४३ अक्षरांचं आलं तर ते ४३च राहतं आणि ओळ होते ३०९ची. ऑकच्या प्रिंटएफलाही चाळीस रुंदी सांगितली तर तोही तसाच वागतो. छाटायचं असेल तर टिंब देऊन पुन्हा चाळीस असं मुद्दाम लिहावं लागतं.

आत्या : म्हणजे फॉक्सप्रोच्या उलट.

भाचा : उलट. आणि म्हणूनच लोक चिडतात. ओळ लांब झाली, बँकेने अख्खी फाइल परत केली, की पहिला उपाय काय? ते टिंब-चाळीस लिहून टाकायचं. ओळ ३०६ची झाली, फाइल गेली, सगळे खूश.

आत्या : लांब झालेली ओळ ओरडते तरी. छाटलेलं नाव कुणाला कळतच नाही.

भाचा : मग आता तू माझ्या बाजूने बोलतेयस. रुंदीच नसती तर छाटायचा प्रश्नच आला नसता.

आत्या : नाही रे राजा. प्रश्न आला असता, फक्त तुझ्याकडे नसता आला. तुझ्या सीएसव्हीत साठ अक्षरांचं नाव आरामात जातं. पुढे कुठल्यातरी यंत्रात ते छाटलं जातं, रात्री दोन वाजता, तुझ्या नकळत. रुंदी ठरलेली असली की तोच प्रश्न दिवसाउजेडी तुझ्या टेबलावर येतो. मिसळणाच्या डब्यासारखं आहे हे. एका वाटीत जास्त भरलं की झाकण लागत नाही, आणि ते स्वयंपाकघरातच कळतं. आता झाकण लागत नाही म्हणून हळद सांडून द्यायची, की विचार करायचा, हे डबा ठरवत नाही.

भाचा : मग कुणी ठरवायचं? स्क्रिप्टने?

आत्या : मुळीच नाही. स्क्रिप्टला सभासदाचं नाव कुठे तोडायचं हे काय कळणार? आपल्या याद्यांत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. मधलं नाव आद्याक्षरावर आणलं तर चालेल, आडनाव अर्धं झालं तर चालणार नाही. ते माणसाने ठरवायचं, आणि जमलं तर सभासदाला विचारून. स्क्रिप्टने एवढंच करायचं, की न मावलेली नोंद बाजूला काढून कारणासकट दाखवायची.

भाचा : म्हणजे नाकारलेल्या नोंदींची वेगळी फाइल. मी करतो ती. पण संस्थेतले लोक म्हणतात, तुझी स्क्रिप्ट अडेलतट्टू आहे. आधीची चालायची, ही चालत नाही.

आत्या : आधीची चालायची म्हणजे काहीही गिळायची. असू दे अडेल. बरं, खाते क्रमांक तपासतोस का? नुसते आकडे आहेत का वगैरे?

भाचा : सहसा पायथनला 'हे आकडे आहेत का' एवढंच विचारायचं, अशी पद्धत असते. त्यात एक गंमत आहे. कुणी क्रमांक देवनागरीत टाइप केला, १२३ असा, तरी पायथन 'हो, आकडेच आहेत' म्हणतो. बेरीजसुद्धा करून देतो. आणि मग ते देवनागरी आकडे फायलीत जसेच्या तसे जातात.

आत्या : आणि ओळ?

भाचा : अक्षरं मोजली तर ३०६च. बाइट मोजले तर जास्त, कारण युटीएफ-८मध्ये देवनागरीचा एकेक आकडा तीन बाइटांचा. म्हणून फक्त इंग्रजी शून्य ते नऊ चालतील अशी अट घालावी लागते, आणि ओळीची लांबी बाइटांत मोजावी लागते.

आत्या : आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. १९९१च्या इस्की मानकात देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक बाइट. सी-डॅकची जिस्ट कार्डं संगणकात बसवली की मराठी यायचं, आणि चाळीस जागा म्हणजे चाळीसच.

भाचा : चाळीस काय? 'श्रीकृष्ण' हे नाव घे. तू किती अक्षरं म्हणशील?

आत्या : श्री, कृ, ष्ण. तीन.

भाचा : युनिकोडच्या हिशोबाने नऊ: श, हलन्त, र, दीर्घ ई, क, ऋकाराचं चिन्ह, ष, हलन्त, ण. बाइट सत्तावीस. आता दहा जागांच्या रकान्यात श्रीकृष्ण बसतो की नाही, सांग. तीन म्हटलं तर बसतो, नऊ म्हटलं तरी जेमतेम बसतो, सत्तावीस म्हटलं तर मधेच तुटतो. वीस बाइटांवर कापलंस तर सातव्या चिन्हाचे दोनच बाइट हाती येतात, म्हणजे पडद्यावर प्रश्नचिन्ह. आठ चिन्हांवर कापलंस तर शेवटी लोंबता पाय मोडलेला ष. आणि तुझ्या इस्कीतही नऊच बाइट होते बरं का, तीन नाही.

आत्या : खरंय. आणि पडद्यावर रकाने सरळ रेषेत दिसायचे तेही नाही दिसणार.

भाचा : नाही दिसणार. मराठीत ठरावीक रुंदी ही कल्पनाच लंगडी आहे. टॅब घाला नाहीतर टोपी घाला, पण जागा मोजू नका.

आत्या : इथे तू जिंकलास. मराठी मजकुरासाठी मीही विभाजकच घेईन.

आत्याने हा मुद्दा सोडला, पण नाच फाइल इंग्रजीत असते, त्यामुळे मूळ प्रश्न जागच्या जागी राहिला. आणि भाच्याचा सर्वात जोरदार आक्षेप अजून यायचा होता.

भाचा : समज, रकमेच्या आधी कुठेतरी एक मोकळी जागा जास्त पडली. सगळं एका घराने उजवीकडे सरकलं. आता १२१ ते १३३मध्ये काय येतं? आधीच्या रकान्याचं शेपूट आणि रकमेचे पहिले बारा आकडे. साडेबाराशेचे झाले एकशे पंचवीस. शेवटचं शून्य पुढच्या रकान्यात. स्वल्पविरामाची फाइल अशी पैशाला दगा देत नाही.

आत्या : ओळ ३०७ची होईल ना? पकडली जाईल.

भाचा : पुढच्या एखाद्या रकान्यात एक जागा कमी पडली तर? बेरीज पुन्हा ३०६. लांबीची तपासणी पास, रक्कम चूक.

आत्या : हा प्रश्न मोलाचा आहे. म्हणून लांबीवर थांबायचं नाही. तयार झालेली फाइल पुन्हा त्याच तक्त्याने उलटी वाचायची, आणि मूळ सीएसव्हीशी नोंदीगणिक ताडायची. नाव, रक्कम, खातं, सगळं. वरच्या शीर्ष ओळीत एकूण नोंदी आणि एकूण रक्कम लिहावी लागते, ती आधी मूळ यादीवरून काढायची, नव्या फायलीवरून नाही. आणि आम्ही एक जास्तीची बेरीज करायचो: सगळ्या खाते क्रमांकांची.

भाचा : खाते क्रमांकांची बेरीज? तिला काय अर्थ?

आत्या : काहीच नाही. हॅश टोटल म्हणायचो. दोन्हीकडे सारखी आली की कुठला क्रमांक गळला नाही, बदलला नाही, एवढं कळतं. निरर्थक बेरीज, पण फार कामाची.

भाचा : आणि तक्ताच चुकला असेल तर? लिहितानाही तोच, वाचतानाही तोच. ताळा बेमालूम जुळेल आणि फाइल साफ चूक असेल.

आत्या : तिथे यंत्र संपतं. तक्त्यातल्या रुंदींची बेरीज ३०६ येते का हे स्क्रिप्टकडून बघून घ्यायचं. आणि पहिली नोंद मोठ्या अक्षरांत छापून, बँकेचा लेआउट शेजारी ठेवून, पट्टी लावून मोजायची. दोन माणसांनी. एकाने वाचायचं, दुसऱ्याने जागा सांगायची.

भाचा : २०२०च्या दशकात पट्टी?

आत्या : पट्टी. लेआउट बदलला की पुन्हा पट्टी.

भाचा : आणि एवढं सगळं केल्यावरही माझं मत बदललेलं नाही. मला नवी व्यवस्था आखायला दिली तर मी ठरावीक रुंदी घेणार नाही.

आत्या : मीही कदाचित घेणार नाही. पण विभाजकाची फाइल घेतलीस तरी तक्त्यातला 'किती जागा' हा रकाना ठेव. ओळ मोजायची नसली तरी पलीकडे नाव किती लांब चालतं हे तुला माहीत असायलाच हवं.

यावर भाच्याने काही उत्तर दिलं नाही, आणि मला वाटतं द्यायची गरजही नव्हती. माझा कौल फाइलच्या बाबतीत भाच्याकडे आणि कामाच्या बाबतीत आत्याकडे आहे. जागा मोजणाऱ्या फायली हळूहळू जातील. पण नाव किंवा रक्कम पुढे मावत नाही हे जी स्क्रिप्ट सांगत नाही, ती स्वल्पविराम वापरो की रकाने, पतसंस्थेत ठेवण्याच्या लायकीची नाही.

पतसंस्थांच्या व्यवस्थापकांना म्हणून एक विनंती. तुमच्याकडे ही फाइल करून देणारं कुणी असेल, नात्यातलं, ओळखीचं किंवा पैसे घेऊन काम करणारं, तर या महिन्यात त्याच्याकडून दोन गोष्टी मागून घ्या: रुंदीचा तक्ता कागदावर, आणि गेल्या वेळी नाकारलेल्या नोंदींची यादी. तक्ता मिळाला आणि यादी मिळाली नाही, तर पाचशे सभासदांत एकाचंही नाव लांब नव्हतं का, एवढं जरूर विचारा.